इंटर्नशिप साइटवर हवी

महोदय,

सिव्हिलच्या विद्यार्थ्यांची उन्हाळी इंटर्नशिप बहुतेकदा ऑफिसात ऑटोकॅडवर रेघा ओढण्यातच संपते. त्याऐवजी एका स्लॅबचे काम त्यांना सुरुवातीपासून दाखवावे. आधी बार बेंडिंग शेड्यूल (सळ्यांची संख्या, जाडी आणि वाकवण्याचा तक्ता) हातात घेऊन सळ्या मोजायच्या, कव्हर ब्लॉक (सळई शटरिंगच्या फळ्यांपासून दूर ठेवणारे ठोकळे) पाहायचे: स्लॅबला 20 मिमी, कॉलमला 40. ब्लॉक निसटला की सळई शटरिंगला टेकते, पुढे गंजते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात.

मग क्यूब, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायचे नमुन्याचे ठोकळे. 150 मिमीच्या साच्यात तीन थर, हाताने ठोकताना दर थराला किमान 35 ठोके. 24 तासांनी साचा सोडून क्यूब पाण्यात. 28 दिवसांचा निकाल नाही, तरी 7 दिवसांचा इंटर्नला नक्की बघता येतो. खरी गोम पुढेच आहे. आरएमसीचा (प्लँटमधून येणाऱ्या तयार काँक्रीटचा) ट्रक आला की आधी क्यूब भरतात, नंतर पंप अडू नये म्हणून ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतात. क्यूब पास, स्लॅब कच्चा! स्लंप (काँक्रीटच्या प्रवाहीपणाचे माप) कमी असेल तर पाणी नव्हे, ठरलेल्या प्रमाणात प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट प्रवाही करणारे रसायन) घालायचा असतो.

कॉलेजांनी अहवालात उतरवलेल्या व्याख्यांऐवजी विद्यार्थ्याने साइटवर नोंदवलेले स्लंप, ट्रकच्या वेळा आणि क्यूबचे क्रमांक मागावेत.

— एक स्थापत्य अभियंता, नाशिक