पाठमोरा

मार्न-ला-व्हॅले, पॅरिसजवळ
रविवार, 25 मे 2025
रात्रीचे साडेअकरा (तुझ्याकडे पहाटेचे तीन)

प्रिय वैजू,

आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. वसंतकाका, तुझे बाबा, जाऊन दोन वर्षं झाली आणि मी तुला धड एक फोन केला नाही. त्या आठवड्यात केला त्याला फोन म्हणत नाहीत, दोघी नुसत्या नाक ओढत होतो. मग रोज ठरवायचं, उद्या निवांत बोलू. तो उद्या इतका शिळा झाला की नंतर बोलायचीच लाज वाटायला लागली. दिवाळीत तू सांगलीहून भडंगाचा डबा पाठवलास, त्याला मी काय केलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवला. दहावीपर्यंत जिच्या शेजारी बसले तिला अंगठा!

तब्येती: आईचे गुडघे होते तसेच, म्हणून ती दादाकडे राहिली. बाबांच्या दोन स्टेंट बऱ्या आहेत. माझं थायरॉईड गोळीवर चाललंय. झालं.

आम्ही सहाजण डिस्नेलँडला आलोय. मिलिंद, मी, दोन्ही पोरं, बाबा आणि सासूबाई. हो, बाबा आणि सासूबाई एकाच सहलीत. हसू नकोस. आजचा तिसरा दिवस. ईशानने दुकानातून ही वही घेतली, पानापानावर कानवाला उंदीर आहे, त्यातलीच पानं फाडून लिहितेय. सकाळी फोटो काढून तुला पाठवीन, कारण मला उत्तर मंगळवारच्या आत हवंय. का, ते सांगते, पण सरळ सांगता येत नाहीये.

इथे पाच दिवस आहोत आणि त्यातला एकच दिवस पॅरिसचा. पॅरिस इथून तीसेक किलोमीटर पश्चिमेला. पार्कच्या दारातूनच आरईआरची, म्हणजे इथल्या लोकलची, ए लाईन सुटते, चाळीस मिनिटांत माणूस पॅरिसच्या मधोमध, शातलेला. जानेवारीपासून ट्रेनचं तिकीटही सरसकट अडीच युरो झालंय, म्हणजे जाण्यायेण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो तिथे उतरून काय करायचं याचा. एक दिवस, सहा माणसं, सात मतं. सातवं मत मिलिंदचं, त्याची दोन असतात.

तुला कार्ल्याची सहल आठवली ना? मला ठाऊकच होतं. ते वेळापत्रक मी केलं होतं, बस चुकली ती तू करवंदं घेत बसलीस म्हणून, आणि हे मी शेवटच्या श्वासापर्यंत म्हणणार. तर तीच मी, तशाच चौकटी आखून, महिनाभर या एका दिवसाशी झटतेय. आयफेल टॉवरच्या लिफ्टची तिकिटं साठ दिवस आधी खुली होतात. मला जाग आली तेव्हा पस्तीस दिवस उरले होते आणि लिफ्ट भरलेली होती. जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या. स्टेंटवाल्या माणसाला हे कोण सांगणार? मग म्हटलं, लूव्रचं संग्रहालय. आपला दिवस मंगळवार, आणि लूव्र मंगळवारी बंद. खरं सांगू, सुटले. ईशानला चित्रांपुढून फिरवायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं आहे. त्याने मला कालच विचारलं, ‘‘पॅरिसमध्ये राईड्स आहेत का?’’ नाहीत म्हटल्यावर, ‘‘मग कशाला जायचं?’’ सईला टॉवर फक्त आपल्या मागे उभा हवाय, वर चढायची गरज नाही. सासूबाईंना भिशीच्या बायकांना दाखवायला टॉवर आणि नोत्र दामचं चर्च. ते 2019 साली जळलं तेव्हा टीव्हीवर बघून त्या हळहळल्या होत्या, आता डिसेंबरपासून परत उघडलंय, तर ‘‘कसं बांधलंय ते बघू तरी.’’

बाबांना कोणी विचारलंच नव्हतं. म्हणजे मी विचारलं नव्हतं. ते इथे सगळ्यांच्या बॅगा मांडीवर घेऊन बाकावर बसतात, सफरचंद कापून देतात, आणि पोरं राईडवरून आली की ‘‘ब्रेकची सिस्टीम बघितलीस का रे?’’ असं विचारतात. काल त्या खाणीतल्या रुळांवरच्या गाडीचा आवाज ऐकून म्हणाले, ‘‘बेअरिंग उत्तम ठेवलंय.’’ त्या गुलाबी किल्ल्याच्या पोटात एक यांत्रिक ड्रॅगन आहे, धूर सोडतो. बाबा त्याच्यापुढे वीस मिनिटं उभे होते, मान कशी फिरते ते बघत. पोरं केव्हाच पुढे गेली होती.

तर आज संध्याकाळी परेड होती. तासभर आधी जागा धरली, सासूबाईंनी फुटपाथवर ओढणी अंथरली, अगदी गणपती विसर्जनाला लक्ष्मी रोडवर बसतात तशी. गाड्या येऊ लागल्या, गाणी, टाळ्या. आणि नेमकी आमच्या समोर मिकीची गाडी आली तेव्हा तो पलीकडच्या बाजूच्या लोकांना हात करत होता. गेलाच. ईशान रडकुंडीला येऊन ओरडला, ‘‘शी! मला पाठमोराच दिसला!’’

बाबा शेजारी होते. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘मलाही पाठमोराच दिसला होता.’’

वैजू, माझ्या हातातलं पाणी सांडलं. ईशानला वाटलं आजोबा मिकीबद्दल बोलतायत. जगात हे वाक्य कळणारं माणूस एकच, ते सांगलीत झोपलंय, आणि त्याच्याशी मी दोन वर्षं बोललेली नाही.

तुला तर सगळ्या आवृत्त्या पाठ आहेत. पहिल्या आवृत्तीत जेआरडी टाटा कारखान्याच्या शॉपमध्ये आले तेव्हा बाबांच्या मशीनपासून चाळीस फुटांवर होते. आपण सातवीत गेलो तोवर दहा फुटांवर आले. माझ्या लग्नाच्या मांडवात बाबांनी व्याह्यांना सांगितलं की साहेबांनी हात मिळवला, ‘हाऊ आर यू, यंग मॅन’ असं विचारलं. आणि आधीच्या दर आवृत्तीला काका तंबाखू मळत एकच वाक्य म्हणायचे, ‘‘लांबून पाहिलं, तेही पाठमोरं. मी शेजारी उभा होतो.’’ बाबा चिडायचे. काकू म्हणायच्या, ‘‘अहो, असू द्या की.’’ आणि संपाच्या वर्षानंतर ते वाक्यही बंद झालं, कारण बोलणंच बंद झालं.

संपाचं मी काही लिहिणार नाही. तुझे बाबा गेटच्या बाहेर, माझे आत, आणि आपण दोघी स्कूलबसमध्ये पुढच्या-मागच्या सीटवर तोंडं फिरवून, बारा वर्षांच्या. पण काका शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले तेव्हा आमच्या आईने साबुदाण्याची खिचडी करून पाठवली होती, हे मी अजून कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. तिचं सरळ होतं, ‘‘उपास आहे ना भावजींना?’’ तुला तो डाव वाटला. तू तो डबा आमच्या पायरीवर आणून आपटलास, झाकण जिन्यावरून खालपर्यंत गेलं. डब्याला पोचा आहे अजून. आई त्यात आता शेंगदाणे ठेवते.

आज परेड संपल्यावर बाबा परत बाकावर बसले. मी शेजारी बसले. म्हणाले, ‘‘वसंता खरं सांगत होता. कोट दिसला, मानेवरचे पांढरे केस दिसले. वळतील म्हणून उभा राहिलो. नाही वळले.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘इथेच पुरलंय ना त्यांना? पॅरिसला?’’

मला माहीत नव्हतं, गं. जेआरडी 1904 साली पॅरिसलाच जन्मले, आई फ्रेंच, हे बाबांनी लहानपणी दहादा सांगितलं होतं. 1993 च्या नोव्हेंबरात गेले जिनिव्हाला, पण दफन इथे, पेर लाशेजच्या दफनभूमीत. बाबांना हे तेव्हापासून ठाऊक. पुण्याहून निघाल्यापासून ठाऊक. महिनाभर मी त्यांच्यासमोर चौकटी आखत होते आणि हा माणूस मला सफरचंदं कापून देत होता.

‘‘एकदा समोरून जाऊन यावं म्हणतो,’’ म्हणाले. ‘‘जमत असेल तर. पोरांचा दिवस खराब नको.’’

मी रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंचा घास हातात राहिला. ‘‘एवढे पैसे घालून परदेशात यायचं आणि स्मशानात जायचं?’’ मी म्हटलं, दफनभूमी आहे, लोक मुद्दाम बघायला जातात, मोठमोठे लेखक, संगीतकार आहेत तिथे. ‘‘असतील. पण तिथून थेट टॉवरवर? आंघोळ न करता?’’ आणि याला उत्तर नाही, वैजू. तुझ्याकडे तरी आहे का? मधे हॉटेलवर यायचं म्हणजे चाळीस मिनिटं इकडे, चाळीस तिकडे. सई म्हणाली, ‘‘आजी, जिम मॉरिसनपण तिथेच आहे.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘तो कोण, टाटांचा पार्टनर?’’ मिलिंद टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला तो बराच वेळ वर आला नाही. (तिथे आवारात विद्युतदाहिनीसारखी भट्टीही आहे. हे त्यांना कोणी सांगायचं नाही असं आमचं ठरलंय.)

त्यात पारशी माणसाला पुरलं कसं, दखम्यात का नाही, यावर बाबांनी पंधरा मिनिटं घेतली. आइस्क्रीम वितळलं.

आता खरी धास्ती ऐक. सासूबाई निवळतील, त्यांचं मला माहीत आहे. धास्ती बाबांच्या छातीची आहे. 110 एकर जागा, टेकडीचा उतार, दगडी फरशांच्या वाटा, 97 विभाग. दोन जिने चढले की ते चप्पल नीट करायच्या निमित्ताने थांबतात, दम लागला म्हणायचं नाही म्हणून. इथल्या मेट्रोत लिफ्टचा भरवसा नाही, जिने मात्र ठायी ठायी. मी आज रात्री नकाशा घेऊन बसले, आणि जे सापडलं ते बघून मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. पेर लाशेज शहराच्या पूर्वेला आहे, म्हणजे आमच्याच बाजूला! आरईआर आधी नासियों लागतं, मग शातले. नासियोंला उतरायचं, तिथून टॅक्सीने गांबेताच्या बाजूला, म्हणजे दफनभूमीच्या वरच्या दाराला. तिथून आत गेलं की वाट उताराची. खालून वर चढणारे सगळे धापा टाकतात. आम्ही वरून खाली. मिलिंदने कबरीच्या जागेवर खूण करून ठेवलीय.

आणि पुढचं ऐक. 69 नंबरची साधी बस गांबेतावरून सुटते, दफनभूमीच्या कडेने बास्तियवरून, नगरपालिकेसमोरून, लूव्रच्या बाजूने, नदी ओलांडून सरळ शां द मार्सला, टॉवरच्या पायथ्याशी. दोन युरोत, बसून, खिडकीतून अख्खं पॅरिस. टूरवाले याचेच किती घेतात! पोरांना, सासूबाईंना मिलिंद आधी नोत्र दामला नेईल, आम्ही दोघं मागून बसने. बाबांना खिडकी. इथे सूर्य पावणेदहाला मावळतो, रात्री दहाला टॉवर पाच मिनिटं लखलखतो, तेवढं बघून परत. वर कोणी चढणार नाही. खालून बघितला तरी तो 330 मीटरच असतो.

झोपायला जाताना सासूबाई माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. पर्समधून गंगाजलाची टीचभर बाटली काढून दिली. ‘‘बाहेर पडलात की दोघांनी शिंपडून घ्या. आणि त्यांना स्वेटर दे.’’ विमानतळावर ती बाटली तपासणीतून कशी सुटली, देव जाणे.

तुझं काय चाललंय? ऋताचा बारावीचा निकाल लागला ना, किती पडले? भावजींची बदली झाली की टळली? काकू तुझ्याकडेच आहेत की पिंपरीला? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि खिचडीचं लिहिलंय ते वाचून दाखव, त्या हसतात की नाही ते मला कळव.

आता काम. बाबा आत्ता, अकरा वाजता, परत आले होते. चष्मा कपाळावर, हातात ईशानच्या वहीचं पान. त्यावर त्यांनी स्वतःचं नाव, शॉप आणि कारखान्यातला तिकीट नंबर लिहिलाय, त्यांच्या त्या ड्रॉइंगच्या अक्षरात. तिथे ठेवायचाय म्हणाले. खाली काकांचं नाव लिहिलंय आणि पुढे जागा कोरी. ‘‘वसंताचा नंबर आठवत नाही गं. माझ्यापुढे अकरा की तेरा. इतकी वर्षं शेजारी पंच केला आणि आठवत नाही. वैजूला विचार.’’

मी म्हटलं, तुम्हीच विचारा. म्हणाले, ‘‘ती माझ्याशी बोलेल का?’’

मला काय सांगावं कळेना, म्हणून मी म्हटलं, लिहिते. काकांच्या वेळी स्मशानात बाबा मागच्या बाजूला, नळाजवळ उभे होते, पुढे आले नाहीत. तू पाहिलंस की नाही मला माहीत नाही. मीही तेव्हा तुला सांगितलं नाही.

काकांचा पितळी बिल्ला काकूंच्या कपाटात असेल, किंवा पेन्शनच्या फायलीत कुठेतरी. आम्ही मंगळवारी सकाळी नऊला निघू, म्हणजे तुझे साडेबारा. त्याच्या आत नुसता आकडा पाठव. शिव्या मागाहून चालतील.

तुझी,
मंजू

ता. क. नुसता आकडा नको. बाबांना फोन कर. नंबर तोच आहे.