आठवी ते दहावीच्या पालकांसाठी सूचना : सकाळची शाळा आणि मुलांची झोप

सर्व पालकांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी 10 वाजता शाळेत बैठक आहे. विषय एकच, शाळेची 7 ची वेळ.

वयात येताना मेंदूत मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक एक-दोन तास उशिरा वाढू लागतं. म्हणून रात्री 11 पर्यंत झोप न येणं हा मुलांचा आळस किंवा हट्ट नाही. मोबाइलमुळे त्यात भर पडते, तेही खरंच. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. आपल्या लातुरात संध्याकाळचे क्लास कुणाला चुकत नाहीत, आणि खेड्यावरून एसटीनं येणारी लेकरं पहाटे पाचलाच उठतात. किती तास उरले, मोजून बघा.

राज्य शासनानं 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग 9 च्या आधी भरवू नका असं सांगितलं. मोठी मुलं राहूनच गेली.

मार्च-एप्रिलच्या उन्हात सकाळची शाळा हवीच. शाळा 7 ऐवजी उशिरा भरवा ही मागणी फक्त जून ते फेब्रुवारीसाठी आहे.

आपलं मूल किती वाजता झोपतं, किती वाजता उठतं हे आजपासून रोज वहीत लिहा आणि ती वही बैठकीला सोबत आणा.