भाग बदलण्याआधी दोष शोधावा

महोदय,

वाहनविषयक पुरवण्यांतून नव्या मोटारसायकलींची परीक्षणे भरपूर वाचायला मिळतात. परंतु कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेली जुनी गाडी एखाद्या सकाळी किक मारून मारून पाय दुखला तरी दाद देत नाही, तेव्हा मालकाने नेमके काय तपासावे याविषयी क्वचितच कोणी लिहिते. परिणामी अशी गाडी एक तर भंगारात जाते, किंवा तिचे प्लग, कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारा भाग), सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) असे भाग एकामागून एक निव्वळ अंदाजाने बदलले जातात आणि खरा दोष जागच्या जागी राहतो. यांतील दुसरा प्रकार मी स्वतः भोगला आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या गाडीला करंट येईनासा झाला होता. दुरुस्तीला दिल्यावर कॉइल बदलली गेली, गाडी सुरू झाली आणि मी समाधानाने घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच गत. मग सीडीआय बदलले गेले आणि पुन्हा त्याच क्रमाने सारे घडले. तिसऱ्या खेपेस मी स्वतःच प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवला आणि किक मारू लागलो. तोल सावरताना हातातले हँडल उजवीकडे ओढले गेले आणि त्याच क्षणी ठिणगी उडाली. हँडल डावीकडे वळवले, ठिणगी गायब; सरळ केले, ठिणगी हजर. हेडलाइटच्या मागे, जिथे वायरिंगचा जुडगा चासीला वळसा घालून जातो, तिथे किल स्विचच्या, म्हणजे इंजिन बंद करण्याच्या बटणाच्या, वायरचे आवरण घासून नखाएवढे तांबे उघडे पडले होते. माझ्या गाडीत ही वायर चासीला जोडली गेली की इंजिन बंद होते, आणि हँडल पूर्ण डावीकडे असले की ती आपोआप जोडली जात होती. मी गाडी नेहमी साइड स्टँडवर, हँडल डावीकडे वळवून उभी करीत असे आणि तशाच अवस्थेत किक मारीत असे. दुरुस्तीच्या जागी ती मधल्या स्टँडवर, हँडल सरळ ठेवून उभी होती. कॉइलला मिळालेले श्रेय वास्तविक सरळ हँडलचे होते!

यातून माझे एक मत पक्के झाले आहे. दोष कशामुळे होता हे सांगता येत नसेल, तर गाडी सुरू झाली एवढ्यावरून ती दुरुस्त झाली असे मानू नये. पेट्रोल इंजिनाला सुरू होण्यासाठी योग्य प्रमाणातील पेट्रोल व हवा, योग्य क्षणी ठिणगी आणि पुरेसे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाणे, एवढेच लागते. यांपैकी काय कमी पडते आहे हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

किल स्विच, पेट्रोलचा कॉक, टाकीतले पेट्रोल आणि फ्यूज या गोष्टी आधी पाहून घ्याव्यात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, अनुभवी माणसेही इथे फसतात. त्यानंतर चोक ओढून आठ-दहा किका माराव्यात आणि लगेच प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. ओला असेल तर पेट्रोल येते आहे पण पेटत नाही, किंवा ते ओव्हर, म्हणजे गरजेपेक्षा जास्त, झाले आहे. नवशिक्यालाही या एका पाहणीवरून पुढचे निम्मे काम कोणत्या दिशेने करायचे ते कळते. प्लग कोरडा असेल तर त्याच्या भोकातून अर्धा चमचा पेट्रोल आत सोडावे, प्लग पुन्हा घट्ट बसवून आजूबाजूला सांडलेले पुसावे आणि मगच किक मारावी. इंजिन क्षणभर धडधडून बंद पडले तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन कामापुरते आहेत, दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे, असे खुशाल समजावे.

या वाटेवर, विशेषतः गाडी काही महिने उभी राहिली असेल तर, बहुतेक वेळा पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा पितळी भाग, अडवणूक करतो. कार्बोरेटरच्या वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून खालचे पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्यावे. धार आलीच नाही तर कॉक, नळी किंवा वाटीत पेट्रोल सोडणारी फ्लोटची सुई अडलेली आहे. धार आली तर भांडे थोडा वेळ स्थिर ठेवावे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी त्याचे मण्यांसारखे थेंब वेगळे दिसतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी व इथेनॉल मिळून खाली बसतात. अशा टाकीत वरून नवे पेट्रोल ओतून भागत नाही, ती रिकामीच करावी लागते. जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो आणि ते उडून गेल्यावर मागे राहणारा चिकट थर जेटच्या भोकात बसतो. थ्रॉटल जवळपास बंद असताना इंजिनाला पेट्रोल मुख्य जेटमधून नव्हे, तर या लहान वाटेने मिळते. म्हणून मुख्य जेट आरशासारखा स्वच्छ असूनही गाडी सुरू होत नाही, किंवा चोक ओढलेला असेपर्यंतच चालते. जेट काढून उजेडाकडे धरावा. गोल, स्वच्छ प्रकाशबिंदू दिसला पाहिजे. अंधुक किंवा अर्धचंद्रासारखा दिसला तर तो साफ करावा, पण तार घालून नव्हे. पितळ मऊ असते, भोक किंचित जरी मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. कार्बोरेटर साफ करण्याचा फवारा आणि हवेचा दाब पुरेसा होतो.

प्लग ओला निघाला तर ठिणगी पाहावी. प्लगचे धातूचे अंग इंजिनाला घट्ट टेकलेले असावे आणि तो प्लगच्या भोकापासून दूर धरावा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. वायर नुसती हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइलचे आतले आवरण फुटू शकते. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, रेंगाळणारी ठिणगी उघड्यावर दिसते पण सिलिंडरमधील दाबाखाली विझते, आणि ‘करंट आहे तरी गाडी सुरू होत नाही’ ही तक्रार पुष्कळदा तिच्यामुळेच येते. कॉइलला दोष देण्यापूर्वी प्लगची टोपी पिळून काढावी, काळवंडलेले टोक असेल तर वायर अर्धा सेंटिमीटर कापून टोपी पुन्हा पिळून बसवावी. प्लगमधील अंतर बहुतेक गाड्यांत ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते, तर सीडीआयऐवजी पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) असलेल्या जुन्या गाड्यांत पॉइंटचे अंतर साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

बॅटरीविषयी थोडक्यात सांगायचे तर १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ दाबल्यावर नुसता कट्‌कट् आवाज येत असेल, तर बॅटरी बदलण्याआधी तिची टोके आणि अर्थची वायर घासून घट्ट करावी.

कॉम्प्रेशनकडे लोक सर्वांत शेवटी पाहतात. किक नेहमीपेक्षा हलकी लागू लागली असेल, तर व्हॉल्व्हची फट तपासावी. ही फट जास्त झाली की टॅपेट वाजतात आणि मालक घाबरतो, पण खरे घाबरायला हवे ते आवाज हळूहळू नाहीसा झाल्यावर. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजून खोल जातो, फट मिटते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होतो आणि दाब निसटतो. ‘इंजिन किती शांत झाले आहे’ असे कौतुक करीत असतानाच गाडी सुरू व्हायला कुरकुर करू लागते. फट ठीक असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पाहावे. त्याने किक जड झाली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्हची बैठक पाहावी लागेल.

हे सर्व प्रत्येक मालकाने स्वतः करावे असा माझा आग्रह नाही. दुरुस्तीला देताना मात्र प्लग ओला होता की कोरडा, ठिणगी कशी होती, चोकवर गाडी चालते का, हे सांगता यावे. आणि दुरुस्ती करणाऱ्याने काढलेला भाग परत द्यावा आणि तो कोणत्या चाचणीत नापास झाला हेही सांगावे. चांगला कारागीर या प्रश्नाने चिडत नाही. शिवाय एका वेळी एकच भाग बदलून पाहावा. तीन भाग एकदम बदलले की गाडी सुरू झाली तरी कशामुळे सुरू झाली हे कोणालाच कळत नाही.

माझ्या गाडीची काढलेली कॉइल आणि सीडीआय मी मागून घेतले होते. घासलेल्या वायरवर आवरण चढवून जुडगा मोकळा बांधल्यानंतर मी ते दोन्ही जुने भाग पुन्हा बसवून पाहिले. गाडी आज त्यांच्यावरच चालते, आणि हँडल कोणत्याही बाजूला असले तरी दुसऱ्या किकला सुरू होते.

आपला,
एक वाचक