मजबुतीच्या आकड्यासोबत वेगही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला टायटॅनियमवरचा लेख वाचला. विषय निवडलात याचा आनंद आहे. पण मजबुतीचा एकच आकडा देऊन ‘म्हणून हा धातू आघातालाही दाद देत नाही’ असा निष्कर्ष त्यात काढला आहे, तो पटला नाही. धातूंच्या चाचण्या घेणे हेच माझे काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या प्रचलित मिश्रधातूसाठी सुमारे ९०० मेगापास्कल (ताणाचे एकक) हा आकडा सांगतात. तो नमुना यंत्रात धरून सावकाश ओढल्यावर मिळतो. इंजिनच्या पात्यावर पक्षी आदळतो किंवा चिलखतावर गोळी बसते, तेव्हा विकृतीचा दर, म्हणजे धातूचा आकार बदलण्याचा वेग, त्या सावकाश चाचणीच्या लाखो पट असतो. हा दर प्रयोगशाळेत हॉपकिन्सन बार या लांब दांड्यांमधून आघात देणाऱ्या उपकरणावर गाठता येतो.

या दराला धातू आधी उलट जास्तच ताण पेलतो. गडबड पुढे होते. विकृतीसाठी खर्ची पडलेल्या कामाचा बहुतेक भाग, साधारण ९० टक्के धरतात, उष्णतेत बदलतो. टेलर आणि क्विनी या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये हे मोजून दाखवले. सावकाश चाचणीत ही उष्णता निघून जाते. आघातात तेवढा वेळ नसतो, आणि या मिश्रधातूची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सातव्या हिश्शाच्या आसपास. शंभर मायक्रोसेकंदांत उष्णता जेमतेम वीसेक मायक्रोमीटर सरकते. मग जिथे किंचित जास्त तापले तिथला धातू मऊ पडतो, मऊ पडला म्हणून पुढची विकृती तिथेच गोळा होते, आणि तिथेच तो आणखी तापतो. यातून तयार होतो ॲडियाबॅटिक शिअर बँड, म्हणजे उष्णता बाहेर न जाता सारी विकृती एकवटलेला अरुंद पट्टा. टायटॅनियम यंत्रावर कापताना निघणारी दातेरी चिपही याचीच खूण आहे.

असा नमुना उभा कापून, पॉलिश करून, हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या सौम्य द्रावणाने त्याचा पृष्ठभाग किंचित झिजवून (एचिंग) सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की सगळे दिसते. पट्ट्यापासून दूरचे कण, म्हणजे धातू ज्यांचा बनतो ते सूक्ष्म स्फटिक, जसेच्या तसे असतात. जवळ जावे तसे ते वाकतात, एकाच दिशेला ओढले जातात, आणि मग कणच दिसेनासे होऊन काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर रुंदीचा फिकट पट्टा उरतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्या पट्ट्यात एक मायक्रोमीटरपेक्षाही लहान, नव्याने घडलेले कण सापडतात. (केवळ फिकट रंगावरून ‘इथे प्रावस्था (स्फटिकरचनेचा प्रकार) बदलली’ असे पूर्वी सर्रास म्हटले जाई, रंग हा त्याचा पुरावा नव्हे.) शुद्ध टायटॅनियममध्ये आजूबाजूच्या कणांत ट्विनिंगही (कणाचा एक भाग आरशातल्या प्रतिमेसारखा वळणे) भरपूर दिसते, कारण त्याच्या षट्कोनी स्फटिकरचनेत अणूंच्या थरांना एकमेकांवरून घसरण्याचे सोपे मार्ग थोडे आहेत.

पुढे त्या पट्ट्यात पोकळ्या उघडतात, एकमेकींना मिळतात आणि तडा जातो. पण सगळे नमुने इथवर पोहोचत नाहीत, आणि मला काळजी वाटते ती न तुटलेल्यांचीच. बाहेरून किरकोळ पोचा दिसतो, आत मात्र पट्टा तयार असतो. तडा नसेल तर त्याची घनता भोवतालच्या धातूइतकीच, त्यामुळे एक्स-रे चित्रातही तो सहसा सापडत नाही. ‘तुटले नाही, म्हणजे टिकले’ हे वाक्य आपल्या लेखातही आहे. आघात सोसलेल्या भागाबद्दल असे म्हणणे धोक्याचे आहे.

एकच घटक, एकच प्रमाण असूनही उष्णोपचार (ठरवून तापवणे-थंड करणे) बदलला की सूक्ष्मरचना बदलते आणि आघाताला मिळणारा प्रतिसादही बदलतो. म्हणून विनंती अशी की, यापुढे एखाद्या धातूच्या मजबुतीचा आकडा छापताना तो कोणत्या दराला, किती तापमानाला आणि कोणत्या उष्णोपचारानंतर मोजला, हे एका ओळीत तरी द्यावे. शक्य झाल्यास आघातानंतरच्या कापलेल्या नमुन्याचे सूक्ष्मदर्शकी छायाचित्रही छापावे. वाचकांना ते नक्की समजेल.

आपला,
धातुचाचणी प्रयोगशाळेतील एक वाचक