वाऱ्याच्या बातमीत 'किरकोळ वाढ' लिहू नका

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात कोकण किनाऱ्याच्या हवामानाची छोटी बातमी होती, वारा ताशी ४० वरून ५० किलोमीटरवर जाणार, वेगात 'किरकोळ वाढ'. तो शब्द वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आकड्यात नुसते १० वाढलेत हे खरं, पण वाऱ्याचा हिशोब असा सरळ नसतो हो, त्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट, आणि ४० चे ५० झाले तरी जवळजवळ दुप्पट. हे किरकोळ कसं?

मी नोकरीसाठी बरीच वर्षं साताऱ्यात काढली, चाळकेवाडीच्या पठारावर कायम जाणं व्हायचं. एप्रिलच्या सकाळी बघाल तर कितीतरी पवनचक्क्या गप उभ्या, आणि जुलैत तिथंच जीपचं दार उघडायचं म्हणजे दोन्ही हातांनी धरून ठेवायचं, नाहीतर बिजागरीसकट उलटं होईल. वारा ताशी साधारण ११ ते १४ किलोमीटरच्या खाली असला तर चक्की वीजच देत नाही, तिथून ४५-५० पर्यंत वीज भराभर चढते, त्यापुढे पाती कोन बदलून जादाचा वारा सोडून देतात आणि ९० च्या आसपास मशीन स्वतःच थांबतं, मोडू नये म्हणून.

समुद्राला कोण थांबवणार? आता रिटायर होऊन गावी देवगडला आलोय तर हेच रोज डोळ्यासमोर असतं. लाट नुसत्या वेगाने मोठी होत नाही, तो वारा किती तास वाहिला आणि किती लांब पाण्यावरून वाहत आला हेही बघावं लागतं. खाडीत ५० चा वारा सुटला तर पाणी नुसतं खवळतं, तोच वारा उघड्या समुद्रावर दोन दिवस एकाच दिशेने लागून राहिला की काय होतं ते इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. गेल्या मे मध्ये जेटीवर बसलो होतो, झाडाचं पान हलत नव्हतं, ऊन कडक, आणि पाणी मात्र सावकाश फुगून पायऱ्या चढत होतं, दोन लाटांच्या मध्ये चांगला वेळ जायचा. शेजारी जाळं विणत बसलेले काका म्हणाले, "वारो हय नाय, खंय तरी लांब लागलो हा." अगदी बरोबर, पार दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला येऊन लागतात. मग नुसता इथल्या वाऱ्याचा आकडा वाचून त्या दिवशी कोणाला काय कळणार?

अजून एक, बातमीत 'लाटा ३ मीटर' छापता तेव्हा लोकांना वाटतं सगळ्यात मोठी लाट ३ मीटरची. तसं नसतं. मोठ्यातल्या मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, अधूनमधून एखादी त्याच्या जवळपास दुप्पटही येते, आणि होडी उलटायला एकच पुरते. २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाच्या मानाने २००९ च्या नोव्हेंबरातल्या फयान वादळाचा वारा निम्म्याहून कमी होता, तरी कोकणातल्या कितीतरी घरची माणसं मासेमारीला गेली ती परत आलीच नाहीत. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की आजही आमच्याकडे बायका पहिलं फयानचं नाव काढतात.

म्हणून कळकळीची विनंती आहे, भरती-ओहोटीच्या वेळा छापता त्याच्या शेजारीच वाऱ्याचा वेग, लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद रोज छापा, हैदराबादच्या इन्कॉईस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अंदाजात हे सगळं असतं, आणि त्या उंचीचा अर्थ काय तेही एका ओळीत लिहा. सध्या पावसाळ्यातली मासेमारीबंदी आहे, होड्या वर ओढून ठेवल्यात, १ ऑगस्टला पाण्यात उतरतील. त्याच्या आधी सुरू करता आलं तर बघा.

आपला,
देवगडचा एक वाचक