फुकटच्या कोर्सचा पाचवा आठवडा

कर्वेनगर, पुणे
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

"ते फुकटचे ऑनलाइन कोर्स खरंच कामाचे असतात का रे?" असं तू परवा फोनवर विचारलंस आणि मी नुसतं 'हो' म्हणून विषय बदलला. लाज वाटली, दुसरं काय! चार कोर्सना नाव घातलं, पुरा झाला एक.

पहिला पायथनचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या एका भाषेचा, आठ आठवड्यांचा. रात्री जेवणं उरकली की स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून बसायचो. इंग्रजी ऐकायचं, मनात मराठीत लावायचं, या नादात अर्ध्या तासाच्या लेक्चरला दीड तास जायचा. पाचव्या आठवड्यात असाइनमेंटची मुदत रात्री बाराची, आणि माझा प्रोग्रॅम काही केल्या चालेना. एका ओळीच्या आधी एक स्पेस कमी पडली होती. ती सापडली तेव्हा बारा वाजून गेले होते. चिडून कोर्सच सोडला. पुढे कळलं, आठातल्या चांगल्या सहाच असाइनमेंट धरतात!

पळपुटा मी एकटाच नाही म्हणा. २०११ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या कोर्सला सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावं नोंदवली, शेवटाला पोचले २३ हजारांच्या आसपास. अर्थात त्या २३ हजारांना एरवी त्या वर्गात कोण बसू देणार होतं? आपल्याकडेही २००३ पासून एनपीटीईएल आहे, आयआयटीवाल्यांचा फुकट ऑनलाइन शिकवायचा उपक्रम. आयआयटीच्या मास्तरांचा फळा आता कुणालाही दिसतो. आपण अप्पा बळवंत चौकात कुणाकुणाच्या नोट्सच्या झेरॉक्स शोधत फिरायचो, आठवतं?

पण तुझ्या ताईचंच बघ. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून दोन पोरं सांभाळत तिनं बी.ए. केलं. ना व्हिडिओ, ना इंटरनेट. हातात मराठी पुस्तकं होती, आणि रविवारी संपर्कवर्गाला तिच्यासारख्याच चारजणी. एखादी आली नाही तर बाकीच्या तिच्या घरी जाऊन थडकायच्या. माझ्या घरी कोण येणार होतं?

जो एक कोर्स पुरा झाला, तोही असाच. कंपनीतले आम्ही तिघं रविवारी सकाळी नवी पेठेतल्या अमृततुल्यात बसायचो. शिकणं फुकट, पण सर्टिफिकेटच्या परीक्षेला हजार रुपये. ते भरले आणि मग मात्र कुणाची दांडी मारायची छाती झाली नाही. केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. मला ६१ मिळाले. आईनं पेढे वाटले, कशाबद्दल ते तिला अजून नीटसं कळलेलं नाही.

जानेवारीत नवी बॅच सुरू होते. दोघं मिळून एक कोर्स धरू. दर रविवारी सकाळी आठला मी फोन करणार, तू उचलायचास. तुझे हजार मी भरतो. मधेच सोडलास तर दोन हजार वसूल करीन.

वहिनींना नमस्कार, पिंकीला पापा.

तुझा,
अव्या