नॅव्हटेक्स नुसता घेऊन भागत नाही, नीट बसवा

संपादक साहेब, नमस्कार.

1 ऑगस्टला मासेमारी बंदी उठेल, सध्या बोटींवरच्या झावळ्या निघतायत, रंग, इंजिनाचं काम, जाळी दुरुस्ती सगळं जोरात चालू आहे आणि या सगळ्या खर्चात एका वस्तूकडे कुणाचं फारसं लक्ष नाही म्हणून हे पत्र. ती वस्तू म्हणजे नॅव्हटेक्स रिसीव्हर. मी मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो, आता गावी असतो आणि ओळखीच्या बोटींवर हे काम करून देतो.

नॅव्हटेक्स म्हणजे छोटा डबा, 518 किलोहर्ट्झवर येणारे हवामानाचे आणि धोक्याचे संदेश आपोआप पकडतो आणि स्क्रीनवर अक्षरात दाखवतो. मोबाईल किनाऱ्यापासून 10-12 किलोमीटरवर गेलात की संपला, हा साधारण 250 ते 400 सागरी मैलांपर्यंत चालतो, रिचार्ज नाही, महिन्याचं बिल नाही. आणि स्टेशन कुठे आहे तर आपल्याच वेंगुर्ल्याला, वर गुजरातेत वेरावळला दुसरं. म्हणजे जवळजवळ अख्खा कोकण किनारा आणि गोवा टप्प्यात. 300 टनांवरच्या जहाजांना हा 1993 सालापासून सक्तीचा आहे, आपल्या ट्रॉलरना, पर्ससीनवाल्यांना तो नियम लागू नाही, पण वादळ काही टन बघून येत नाही ना.

फयान वादळ 11 नोव्हेंबर 2009 ला आलं ते आपल्या किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही. 2017 ला ओखीच्या वेळी केरळ आणि तामिळनाडूच्या बोटी वादळ तयार होण्याच्या आधीच खोल समुद्रात गेल्या होत्या, त्यांच्यापर्यंत इशारा पोचवायचा मार्गच नव्हता. त्यातल्या 68 बोटी, 952 माणसं, शेवटी आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागली. बाकी कित्येक घरी परतलेच नाहीत.

आता मुद्द्याचं. ज्या मोजक्या बोटींवर नॅव्हटेक्स आहे तिथेही तो बरेचदा नावालाच असतो. एका बोटीवर तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हणाला याच्यात काहीच वाचता येत नाही, बघितलं तर सगळ्या संदेशात चांदण्याच चांदण्या, म्हणजे जे अक्षर नीट पकडलं गेलं नाही तिथे तो * टाकतो. अँटेना ज्याने बसवला त्याने तो केबिनच्या पत्र्याखाली, एलईडी दिव्यांना वीज देणाऱ्या डबीला (ड्रायव्हरला) अगदी चिकटून लावलेला, आणि कनेक्टर उघडला तर आत तांब्याला हिरवा गंज चढलेला. अँटेना वर मोकळ्यावर घेतला, कनेक्टर नवीन घातला, वरून रबर टेप घट्ट गुंडाळली, दुसऱ्या दिवशी संदेश स्वच्छ.

आपल्या बोटी फायबरच्या नाहीतर लाकडाच्या, तिथे साध्या दांड्याच्या अँटेनाला अर्थिंग नीट मिळत नाही आणि खरखर वाढते. त्याची अर्थिंग पाण्यातल्या धातूपर्यंत नेलीच पाहिजे, नाहीतर सरळ एच-फील्डवाला, म्हणजे लहरीचा चुंबकी भाग पकडणारा अँटेना घ्या, त्याला अर्थिंग लागत नाही. केबल मधे जोडून वाढवू नका. सप्लाय इंजिन स्टार्ट होतं त्या बॅटरीवरून घेऊ नका, सेल्फ मारला की व्होल्टेज पडतं आणि सेट बंद होऊन परत चालू होतो, वेगळ्या बॅटरीवरून फ्यूज टाकून घ्या. खरखर कुठून येते ते शोधायला माझा उपाय म्हणजे साधा मिडियम वेव्हचा रेडिओ, काटा अगदी खालच्या टोकाला न्यायचा (518 त्याच्या जरासंच खाली आहे) आणि बोटीवरचा एकेक स्विच चालू करत जायचं, इन्व्हर्टर, चार्जर, दिवे, ज्याच्यावर रेडिओ ओरडायला लागेल तो गुन्हेगार.

सेटिंगमधे लोक घाबरून जातात आणि सगळंच चालू ठेवतात, मग रात्रभर कुठल्या कुठल्या स्टेशनचं येत राहतं, आवाजाला कंटाळून कुणीतरी सेटच बंद करून टाकतो. तसं करू नका. प्रत्येक स्टेशनला एक अक्षर दिलेलं असतं, आपल्या पट्ट्यातली स्टेशनं ठेवा, बाकीची काढा. ए म्हणजे जहाजवाहतुकीला धोका, बी वादळवाऱ्याचा इशारा, डी शोध आणि बचाव, हे बंद करता येतच नाहीत आणि ते बरंच आहे. ई म्हणजे रोजचा अंदाज, हा बंद करता येतो पण कृपा करून चालूच ठेवा. सी बर्फाचा, तो खुशाल काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक स्टेशनला दर चार तासांनी दहाच मिनिटं मिळतात, म्हणून निघताना सेट चालू केला तर तुमच्या हातात काहीच नसतं. निघायच्या निदान चार तास आधी लावा, आठ तास असेल तर उत्तम.

याच्यातून आपल्याला काही पाठवता येत नाही हेही सांगतो, हा फक्त घेतो. मदत मागायला व्हीएचएफचं, म्हणजे बोटीवरच्या बोलायच्या रेडिओचं चॅनल 16 आहे, आणि ऑगस्ट 2024 मधे पंतप्रधानांनी पालघरला सुरू केलेल्या योजनेतले ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहावरून संदेश देणारे-घेणारे संच आहेत, देशभर एक लाख बोटींना ते द्यायचे आहेत. ज्यांना मिळाला त्यांनी तो जरूर वापरा. पण खोल जाणाऱ्या बोटीवर इशारा दोन वाटांनी आलेला बरा, एक बंद पडली तर दुसरी असते.

अडचण एकच, 518 वरचे संदेश इंग्रजीत, त्यातही तोडलेले शब्द. आपल्या तांडेलाला समुद्र कळतो, ते इंग्रजी कसं कळणार? मी आमच्या इथल्या बोटींवर नेहमीच्या शब्दांचा मराठी कागद लॅमिनेट करून सेटच्या बाजूला चिकटवतो, वारा कुठल्या दिशेचा, किती नॉट, लाटा किती मीटर, खवळलेला म्हणजे कोणता शब्द, एवढं पुरतं. हे काम मच्छीमार सोसायट्यांनी सहज करावं. पण खरं म्हणजे जगभर 490 किलोहर्ट्झ स्थानिक भाषेसाठी राखून ठेवलेलं आहे, तर वेंगुर्ल्याहून त्याच्यावर मराठीत इशारे द्यावेत ही मागणी आपल्या आमदार-खासदारांनी दिल्लीत लावून धरावी. आणि तोपर्यंत मत्स्य खात्याने बंदी उठायच्या आधी प्रत्येक मोठ्या जेटीवर एक माणूस दोन दिवस बसवावा, ज्यांच्याकडे सेट आहे त्यांचा तपासून द्यावा.

आपला,
एक निवृत्त रेडिओ ऑफिसर, मालवण